चिठ्ठी लिहून घेण्याचं कारण

मित्रांनो, आज मलकापुरात एका स्नेहसंमेलनात माझा मनातलं ओळखण्याचा जादूचा प्रयोग झाला. प्रेक्षकांना मी आधी मनातली गोष्ट चिठ्ठीवर लिहायला लावतो. "लिहिलं की विचार पक्का होतो, मग मले तो स्पष्ट दिसतो," असं कारण सांगतो. लोकांना ते पटतं.

प्रयोग संपल्यावर एका काकूंनी मला बाजूला बोलावलं.

"भाऊ, आमच्या ह्यांले लकवा मारला. वाचा गेली. काहीतरी सांगाचं हाये त्यायले, पण नुसते रडतात. घरी येऊन त्यायच्या मनातलं वाचता का?"

मी सवयीनं बोलून गेलो, "त्याच्यासाठी लिहून द्या लागते, काकू."

"हात चालला असता, तर तुमच्याकडं कायले आली असती?"

मग मात्र मला खोटं बोलवेना. "काकू, मले कोणाच्याच मनातलं समजत नाही. मी चिठ्ठी चोरून वाचतो."

त्या रागावल्या नाहीत. "म्हणजे ते तसेच जातीन," एवढंच म्हणाल्या आणि एकट्याच स्टँडकडे निघाल्या.

जादूगार मित्रांनो, चिठ्ठी का लिहून घेता, हे तुम्ही लोकांना काय सांगता? आणि कोणी ते खरं मानून दारात आलं, तर?