वाळंजसाहेबांची सुनावणी

वाळंजसाहेब कुणाच्या घरी गेले, दुकानात गेले, अगदी देवळात गेले तरी आधी वर बघायचे. यजमान "या, बसा" म्हणतायत, सतरंजी झटकून टाकलीय, आणि हे आढ्याला टांगलेल्या दिव्याकडे डोळे बारीक करून पाहत उभे. मग स्वतःशीच म्हणायचे, "एकशेनव्वद असेल," आणि बसायचे. मला आधी हा विक्षिप्तपणा वाटला. पुढे कळलं, ते उजेडावरून विजेचा दाब ओळखत. कचेरीतल्या एकाने मुद्दाम यंत्र लावून पडताळा घेतला होता. साहेबांचा अंदाज चार-पाच व्होल्टच्या आत निघाला.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. पुण्यातल्या सरकारी वीज निरीक्षकांच्या कचेरीत मी लघुलेखक म्हणून लागले. साऱ्या कचेरीत बाई मी एकटीच. निवृत्ती वाळंज आमचे निरीक्षक. सावळा, रापलेला चेहरा, कोटाच्या बाह्या आखूड झालेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच सांगितलं, "बाई, हितं तीन लोक येतात. वीज देणारे, वीज घेणारे आणि वीज न मिळालेले. तिघांना सारखीच खुर्ची द्यायची." 'हितं' हा शब्द त्यांच्या तोंडून अधूनमधून असाच निसटायचा, कारण ते मूळचे मुळशीचे. धरणाचं पाणी चढलं तेव्हा सहा-सात वर्षांचे होते. त्यांच्या वडिलांनी घराचे वासे काढून डोंगरावर नेले आणि ताम्हिणीच्या अंगाला नवी वाडी वसवली. त्या पाण्यावर वीज झाली, ती घाटाखाली मुंबईला गेली. वाडीत रॉकेलच्या चिमण्याच राहिल्या. थोरल्या भावाने, तुकारामदादांनी, शेती सांभाळून या धाकट्याला पुण्याच्या वसतिगृहात ठेवलं आणि शिकवलं. हे सगळं मला इतरांकडून कळलं. साहेब त्यावर कधी बोलत नसत.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पौडचं प्रकरण आलं. पौड आणि आसपासच्या चार-सहा गावांना एक छोटी खासगी कंपनी वीज पुरवायची. तिने सरकारकडे दरवाढ मागितली. तांबं महागलं, खांब महागले, आहे त्या दरात परवडत नाही, असं तिचं म्हणणं. सरकारने तिघांची समिती नेमली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश, दुसरे एक हिशेबतज्ज्ञ आणि तिसरे आमचे वाळंजसाहेब. टिपणं घ्यायला मी.

मी भाबडेपणाने विचारलं होतं, "साहेब, कंपनी खासगी. माल तिचा. दर तिने ठरवला तर आपण मध्ये का पडायचं?"

ते हसले. "मंडईत वांगी महाग वाटली तर तुम्ही काय करता?"

"दुसऱ्या पाटीकडे जाते."

"विजेला दुसरी पाटी नाही, बाई. एका गावात दोन कंपन्यांचे खांब रोवून चालत नाही, म्हणून सरकारनं एकीलाच परवाना दिला. दुसरी पाटी आपणच बंद केली. मग पहिल्या पाटीवर नजर ठेवायचं काम कुणाचं?" थोडं थांबून ते म्हणाले, "आणि तिला उपाशीही मारायचं नाही. ती मेली तर दिवा कोण लावणार?"

सुनावणी पुण्यात घ्यावी असं कंपनीचं मत होतं. साहेब अडून बसले. पौडच्या माणसाला पुण्याला यायचं म्हणजे दिवसाचं काम बुडवायचं, म्हणून सुनावणी पौडलाच व्हायला हवी. त्याआधी साहेबांनी स्वतः यंत्र घेऊन गावोगाव दाब मोजून ठेवला होता. गावोगाव दवंडी पिटवून लोकांना कळवलं. ठरल्या दिवशी पौडच्या तालुका कचेरीचं अंगण माणसांनी भरून गेलं. भाताची झोडणी नुकतीच उरकली होती, त्यामुळे लोकांना सवड होती आणि सगळ्यांच्या अंगाला पेंढ्याचा वास येत होता.

पहिली साक्ष हौसाबाईंची झाली. भात सडायच्या गिरणीच्या त्या मालकीण. चाळिशीच्या, नऊवारीचा पदर खोचलेला, आवाज खणखणीत. "दिवा लागतुया, पन दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "काचंत नुसती तांबडी तार दिसती. आन सांजच्याला मोटार म्हशीवानी हंबरती, हंबरती आन बसती. दोनदा जळली. आता दर वाढवा म्हनत्यात. आदी इज तर द्या!"

अंगणात हशा पिकला, टाळ्या पडल्या. मी भराभर लिहून घेतलं आणि दुपारच्या सुट्टीत साक्ष टंकून साहेबांपुढे ठेवली. त्यांनी वाचली आणि परत दिली.

"बाई, ही साक्ष कुणाची?"

"हौसाबाईंची."

"त्या असं बोलल्या? 'सायंकाळी मोटार आवाज करते व थांबते'?"

मी म्हटलं, "जरा शुद्ध केलंय, साहेब. अध्यक्ष वाचणार म्हणून."

"आवाज तर प्रत्येकच मोटार करते. म्हशीवानी हंबरून बसली, म्हणजे दाब इतका पडलाय की तिला फिरायची ताकद नाही, आणि म्हणून ती जळली. त्या बाईनं आख्खं निदान सांगितलंय. तुम्ही ते पुसून टाकलंत." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण माझे कान तापले. "जसं बोलल्या तसं लिहा. त्यांच्या बोलण्यात दुरुस्ती करायचा परवाना आपल्याला कुणी दिलेला नाही."

मी ते सगळं पुन्हा टंकलं. पन, न्हाई, आन, सगळं जसंच्या तसं. नंतर अध्यक्षांनी ती साक्ष मोठ्याने वाचली तेव्हा त्यांनाही हसू आवरलं नाही, पण मुद्दा त्यांना एका दमात कळला.

दुपारनंतर कंपनीचे वकील उठले. पुण्यातलं नावाजलेलं माणूस, बोलणं मऊ. ते म्हणाले, "अध्यक्षमहाराज, सदस्य वाळंज यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु ते याच मुळशी तालुक्याचे. त्यांचं गाव वीजनिर्मितीसाठी पाण्याखाली गेलं. वीजकंपन्यांविषयी त्यांच्या मनात अढी नसेल, असं कसं मानायचं? दाब कमी असल्याचा सगळा पुरावा तर त्यांच्याच यंत्रावरचा आहे."

 अंगणात मागून कुणीतरी ओरडलं, "आमच्या मानसाला बोलतुयास व्हय रं!" लोक उठू लागले. साहेबांनी नुसता हात वर केला. माझी पेन्सिल थांबली होती. त्यांचा चेहरा मी इतका कोरा कधी पाहिला नव्हता.

"वकीलसाहेबांचा आक्षेप बरोबर आहे," ते म्हणाले. "माझं गाव पाण्यात आहे. तेवढ्यासाठी मी मोजलेलं खरं मानू नका. माझं यंत्र बाजूला ठेवू. कंपनीचं यंत्र आणा, कंपनीच्याच इंजिनिअरनं मोजावं. दिवेलागणीला, हौसाबाईंच्या गिरणीत. मी हात लावणार नाही. बाई, आक्षेप लिहून घ्या, शब्द न् शब्द."

अध्यक्षांनी मान्यता दिली. सूर्य कलल्यावर आम्ही सगळे गिरणीत गेलो. आत माणसं, बाहेर माणसं, खिडकीच्या गजांना धरून माणसं. कंपनीचा इंजिनिअर नाडगीर नावाचा पंचविशीतला मुलगा होता. त्याने यंत्राच्या तारा जोडल्या. हौसाबाईंनी खटका ओढला. मोटार हंबरली. दिवा तांबूस होत गेला आणि पट्टा जागच्या जागी थरथरत राहिला. नाडगीर काट्याकडे पाहत होता. त्याचे मालक त्याच्या खांद्याशीच उभे होते.

"किती?" अध्यक्षांनी विचारलं.

त्याने यंत्राची काच पुसली आणि पुन्हा काट्याकडे पाहिलं. वाळंजसाहेब भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं नाही. ते खाली जमिनीकडे बघत होते. मुद्दाम, हे मला नंतर उमगलं. त्यांना त्या मुलावर आपल्या नजरेचाही भार टाकायचा नव्हता.

"दोनशेतीस हवेत," नाडगीर शेवटी म्हणाला. शब्द स्पष्ट आले. "एकशेबासष्ट आहेत."

मी लिहिलं. 

इथे ही गोष्ट संपली असती तर साहेब त्या दिवशी मुळशीचे देव झाले असते. पण समितीच्या बैठकीत त्यांनी जे केलं, ते लोकांना पचायला जड गेलं. कंपनीचे कागद त्यांनी तितक्याच बारकाईने पाहिले. तांबं खरंच महागलं होतं. खांब कुजले होते. शिवाय दोन गावांत लोक तारेवर आकडे टाकून फुकट वीज घेत होते. साहेबांनी स्वतः फिरून ते आकडे मोजले आणि नोंदवले. समितीने शिफारस केली ती अशी: आधी दाब सुधारा, पौडला दुसरा ट्रान्सफॉर्मर बसवा, तोवर एक पैसाही वाढ नाही. काम झाल्याचं तपासून मग मागितलेल्या वाढीतला काही भाग द्यावा. आकडे काढून टाकावेत. सरकारने शिफारस मान्य केली.

गावात लोकांनी शेवटचंच तेवढं ऐकलं. "वाढ दिली! आपला मानूस म्हनून टाळ्या वाजवल्या, आन त्यानंच वाढ दिली!" पौडला आमची जीप थांबली तर पूर्वी चहा घेऊन धावणारा हॉटेलवाला तोंड फिरवून बसला. मला चीड आली. साहेब म्हणाले, "रागावू द्या. वाढ झाली तर विचारायला एक जागा आहे, एवढं त्यांना कळलं. पुरे झालं."

त्यांना खरं लागलं ते घरचं. तुकारामदादा एकदा वाडीहून चालत, मग एसटीने कचेरीत आले. खुर्चीवर बसले नाहीत. "निवृत्ती, त्या पौडाच्या कागदात आपल्या वाडीचं नाव घाल. कंपनीला म्हनावं, तार आमच्यापत्तुर वढा."

"दादा, वाडी तिच्या हद्दीत न्हाई. मला तसं लिहिता येत न्हाई. वीज मंडळाकडं अर्ज करा, पाहणी व्हईल, नंबर लागंल."

"नंबर? आमची जिमीन पान्यात गेली तवा आमचा नंबर पयला लागला व्हता!" दादांनी टेबलावर हात आपटला. "तुला शिकवला त्यो ह्याच्यासाठी?"

 दादा गेल्यावर बराच वेळ साहेब एकाच कागदाकडे बघत बसले होते. कागद उलटा होता.

दादांनी शाळामास्तरांकडून अर्ज लिहून घेतला. पुढे तो आमच्या कचेरीत अभिप्रायासाठी आला तेव्हा साहेबांनी फाइल उघडलीही नाही. "माझं घर आहे" एवढं वर लिहून ती शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाठवली. वाडीला यादीत नंबर मिळाला, तो बराच खालचा. दोन वर्षं दादांनी भावाशी बोलणं टाकलं. दिवाळीला साहेब वाडीत जायचे, पाया पडायचे आणि परत यायचे. "बोलले का?" मी विचारायचे. "जेवायला वाढलं," ते म्हणायचे.

मग त्यांची नागपूरला बदली झाली. शेवटच्या दिवशी कचेरीत चहा होता, हार होता, वरिष्ठांचं एक लांबलचक भाषण चाललं होतं. तेवढ्यात दारात तुकारामदादा दिसले. डोईला मुंडासं, खांद्यावर तांदळाचं गाठोडं. भाषण थांबलं. साहेब उठून उभे राहिले, पण पुढे जायचं धाडस त्यांना होईना.

दादा सरळ आत आले आणि गाठोडं टेबलावर ठेवलं. आंबेमोहराचा वास खोलीभर पसरला.

"पौडाच्या गिरनीत सडून आनला," ते म्हणाले. "मोटार काय चालतीया! सांजच्याला सुदिक." मग आमच्या सगळ्यांकडे वळून बोलू लागले, जणू भावाशी थेट बोलणं अजून जमत नव्हतं. "तितं मानसं बसल्याली. म्हनत व्हती, असा सायेब बगितला न्हाई. कंपनीला भ्याला न्हाई, आन आपल्यालाबी भ्याला न्हाई. सख्ख्या वाडीचंबी काम केलं न्हाई म्हनं, नंबरावर ठिवली. एक जन म्हनला, कुन्या गावचा हाय त्यो? कुनाचा?"

 दादांनी मुंडाशाच्या टोकाने तोंड पुसलं.

"म्या हुबा ऱ्हायलो. म्हनलं, माझा हाय. माझा धाकला भाऊ हाय त्यो."