वांगी, कोहळं आणि माझा डावा पाय

डॉक्टरांनी काचेची नळी दिव्यावर धरली. तिच्यात निळं औषध होतं आणि माझ्या लघवीचे काही थेंब. बघता बघता निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी तळाशी विटेच्या चुऱ्यासारखा लाल गाळ बसला.

"बाई, तुम्हाला डायबेटीस आहे," ते म्हणाले.

डायबेटीस म्हणजे मधुमेह. खाल्लेल्या अन्नाची साखर होते, पण ती अंगी लागत नाही. रक्तात साठते आणि लघवीवाटे निघून जाते. मी तर नागपूरला पाय दाखवायला आले होते. धान कापताना बांधीत डाव्या अंगठ्यात काटा रुतला होता आणि ती जखम काही केल्या भरत नव्हती. हळद लावून झाली, कडुनिंब झाला, देवऋषी झाला. तहान तर अशी लागायची की उशाशी भरून ठेवलेली घागर सकाळी रिकामी. तिचा आणि अंगठ्याचा काही संबंध असेल हे कोणाच्या डोक्यात येणार?

डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला. एका बाजूने तो काळा पडू लागला होता. "गँगरीनची सुरुवात दिसते," ते म्हणाले. गँगरीन म्हणजे जिवंत माणसाचं मांस मरून सडू लागणं. "साखर उतरली तर जखम भरेल. नाही उतरली तर अंगठा कापावा लागेल, आणि तेवढ्यावर भागेल असं मी सांगत नाही."

सोबत आलेले आमचे हे बाकावर बसले. मी विचारलं, "मंग धानाची रोवणी कशी करू जी?"

"रोवणीचं पुढे पाहू. आधी पाय राहू द्या."

त्यांनी मला दवाखान्यात ठेवून घेतलं. रोज इन्सुलिनची सुई. इन्सुलिन म्हणजे साखर पचवणारा रस, जो माझं शरीर पुरेसा करत नव्हतं. लढाईचे दिवस होते, बाटली मिळता मिळत नसे. यांना सुई टोचायला शिकवली. नांगर धरणाऱ्या हाताला ती इवलीशी पिचकारी पेलेना, पण शिकले बिचारे.

आणि मग कॅलरी. हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. कॅलरी म्हणजे अन्नातून अंगाला किती ऊब मिळते त्याचं माप. लाकूड जळून जशी आच देतं, तसं अन्न. भात, गूळ, बटाटा यांची आच मोठी, पालेभाजीची छोटी. डॉक्टरांनी भात जवळजवळ बंद केला. धानाच्या मुलखातल्या बाईला भात बंद म्हणजे काय, हे मी इथे लिहीत बसत नाही. भाजीवर पोट भरायचं, आणि तीही मोजून.

घरी सगळ्यांसाठी भाजी एकाच गंजात, म्हणजे पातेल्यात होते, आणि ती कधी एका जिनसाची नसते. वाडीत जे निघालं ते: वांगी, कोहळं, सेमीच्या शेंगा, मूठभर भेदरं, म्हणजे टोमॅटो. यातली माझी कॅलरी वेगळी कशी काढायची? हा प्रश्न तुम्हालाही पडेल, म्हणून सांगते. प्रत्येक भाजी चिरून, कच्ची असतानाच तोलायची. कोष्टकात पाहून तिच्या कॅलरी मांडायच्या. तेल चमच्याने मोजायचं. एका चमच्या तेलापुढे अख्खं वांगं फिकं पडतं, हे पाहून मी तोंडात बोट घातलं. सगळ्यांची बेरीज करायची. भाजी शिजली की गंजातून आपला जेवढा वाटा, बेरजेतलाही तेवढाच वाटा. एवढंच. मी चौथी शिकलेली बाई, मला जमलं, तर तुम्हालाही जमेल.

"आणि एवढ्याने पोट नाही भरलं तर?" मी विचारलं.

"तर रस्सा प्या. तेल मोजलेलं असू द्या. बाकी ते पाणीच, पाण्यात कॅलरी नसते."

दवाखान्यात साखर उतरू लागली. नळीतला रंग लालाचा पिवळा, पिवळ्याचा हिरवा झाला. लघवी घरीच तपासायला एक नळी आणि ते निळं औषध देऊन मला घरी सोडलं. महिन्याने यायचं आणि तेव्हा अंगठ्याचा निकाल लावायचा, असं ठरलं.

सालेकशाच्या पुढे आमचं गाव. घरी माझी खाट ओसरीत टाकली, पाय उशीवर. चूल थोरल्या जाऊबाईंकडे गेली. त्या विधवा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, बोलायला फटकळ आणि मनाने लोण्यासारख्या. मी खाटेवर भाज्या चिरून तोलायची, त्या नेऊन शिजवायच्या. पहिल्या दिवशी तागडी पाहून म्हणाल्या, "काय वो, वांगे तोलून राहिली का सोनं?" पण एकही फोड इकडची तिकडे होऊ दिली नाही त्यांनी. मला भूक फार लागायची. मग त्या रश्श्याचे वाडगेच्या वाडगे आणून द्यायच्या. "पे, डाक्टरनं सांगतलं ना."

आणि घरच्या नळीत रंग उतरला लाल. दुसऱ्या दिवशी लाल. आठवड्याने लालच. मी भाजी कमी केली, भाताची मूठ सोडली, तरी लाल. अंगठ्याचा काळा डाग नखाखाली सरकला. मी फार घाबरले होते. तोडलेल्या पायाची माणसं मी गोंदियाच्या बाजारात पाहिली होती, तीच डोळ्यांसमोर यायची.

महिना भरला. डॉक्टरांनी नळी पाहिली आणि खाली ठेवली. "बाई, इथे उतरते आणि घरी चढते. याचा अर्थ एकच. तुम्ही चोरून खाता."

मी देवाची शपथ घेतली. ते म्हणाले, शपथेने साखर उतरत नाही. आणखी पंधरा दिवस देतो, मग कापणार.

परतीच्या गाडीत हे माझ्या शेजारी बसले होते. आमगाव गेल्यावर हळूच म्हणाले, "गूळ खाल्ला असन तर सांग. मी रागावत नाही."

पाय जाण्याचं दुःख एकीकडे आणि हे एकीकडे. वीस वर्षांचा संसार, आणि माणूस मला चोर समजतो! माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं, "आज वावरात जाऊ नोका. माह्या तोंडात का जाते, ते इथं बसून पाहा." एका पायावर लंगडत मी स्वयंपाकघर गाठलं, पाटावर बसले, पाय लांब केला. हे दारात बसले, पंचासारखे.

जाऊबाईंनी भात उतरवला. त्यावरचं पाणी, म्हणजे पेज, गाळून गंजात काढली. भाज्या फोडणीला टाकल्या, परतल्या. आणि मग पेजेचा गंज उचलून सगळीच्या सगळी पेज भाजीत ओतली.

मी पाहतच राहिले. रोजचंच होतं ते. आमच्याकडे भाजीत साधं पाणी कोण घालतं? मी स्वतः लग्न झाल्यापासून पेजच घालत आले होते. म्हणूनच तर डॉक्टरांनी भाजीत काय काय घालता असं विचारलं, तेव्हा मी तेल, मीठ, तिखट सगळं सांगितलं आणि पेज सांगितली नाही. पेज म्हणजे आमच्या लेखी पाणीच. पण ती तर भाताचं सत्त्व! भात सोडून मी वाडगे भरभरून भातच पीत होते.

"जाऊबाई, पेज!" मी ओरडले.

"मंग? पान्यात शिजवू का? बेचव होते." आणि मग माझा चेहरा पाहून त्यांना उमगलं. हातातला गंज त्यांनी तिथेच खाली ठेवला. "माय वो, मी तुले जहर पाजून राहिली होती का?"

मी त्यांच्या गळ्यात पडून हसत होते आणि रडतही होते. यांना म्हटलं, "दिसला का चोर?" हे मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माह्यं." वीस वर्षांत हे शब्द मी प्रथमच ऐकले, आणि खोटं कशाला बोलू, फार गोड लागले.

त्या दिवसापासून भाजी साध्या पाण्यात. पेज गेली म्हशीला. नळी पिवळी झाली, मग हिरवी. आणि एका सकाळी औषध तापून उकळलं तरी निळंच राहिलं. जाऊबाईंनी ती नळी अख्ख्या आळीला दाखवली. माझी लघवी आळीभर फिरली आणि मला लाज वाटली नाही.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी पट्टी सोडली. काळेपणा थांबला होता, कडेने गुलाबी मांस धरत होतं. पेजेची हकीकत ऐकून ते खुर्चीत मागे टेकले. "मी तुम्हाला चोर म्हणालो. माफ करा बाई." मग वाडगाभर पेजेत किती कॅलरी असतील, त्याचा त्यांनी तिथेच हिशेब मांडला आणि आकडा पाहून स्वतःच कपाळावर हात मारला.

जखम भरायला उन्हाळा उजाडला. डायबेटीस गेला नाही, जात नाही. सुई आहे, तागडी आहे. पण ज्या भाजीकडे मी उभ्या जन्मात नीट पाहिलं नव्हतं, ती आता मी फोड न् फोड ओळखते. जाऊबाईंचे, डॉक्टरांचे आणि रोज न चुकता सुई टोचणाऱ्या आमच्या यांचे उपकार मोठे आहेत.

परवा तपासणीला गेले तेव्हा बाहेर बाकावर बसले होते. आत भंडाऱ्याकडची एक बाई होती, तिचाही पायच. डॉक्टरांचा आवाज ऐकू आला, "भाजीत पेज घालता का?" ती म्हणाली, "टाकतो जी. त्यात का झालं?" मला हसू आवरेना.

ती बाहेर आली ती रडत. पाय कापतील म्हणून भ्यायली होती. मी तिला जवळ बसवलं, चप्पल काढली आणि डावा पाय तिच्यापुढे केला.

"पाह्य बाई," मी म्हटलं, "मोजून पाह्य. पाचही हायेत."