वहीतला प्रोग्राम

लॅबमध्ये पहिल्या वर्षाची मुलं प्रोग्राम लिहितात, तेव्हा कोणी किती टाइप केलं, किती खोडलं, याची नोंद आपोआप होते. मुलं कशी शिकतात ते कळावं म्हणून ही मोजणी मीच सुरू केली. सुजाताच्या नावापुढे रोज पहिला अर्धा तास ‘काम नाही’ असं यायचं.

“सर, मी आधी वहीत लिहिते,” ती म्हणाली.

“थेट टाइप कर. वहीतलं इथे दिसत नाही.”

विचार करताना माणसाचे हात थांबतात, हे मला ठाऊक नव्हतं का? तरी बोललो.

आज ती एकच ओळ टाइप करत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती. प्रोग्राम काही चालत नव्हता. वही दप्तरात होती.

“सर, आता दिसतंय ना?”

मी हो म्हटलं.