मुश्कीचाचाची भेंडी

मुंबईच्या एका अत्तरवाल्या शेठने आमच्या मुश्कीचाचाला फसवलं. चाचाने कुणालाही फसवलं नाही. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण रत्नागिरीच्या बंदरावर आजही कुणाला विचारलंत तर तो हीच गोष्ट उलटी करून सांगेल, आणि वर ‘जाऊ द्या, गेला बिचारा’ असंही म्हणेल. मला तो ‘बिचारा’ नको आहे. चाचा बिचारा नव्हता.

चाचा पक्का घमेंडखोर होता. मेंदीने लाल केलेली दाढी, कानात अत्तराचा फाया, आणि नाक असं वर, की समोरच्याला वाटावं, हा आपल्याशी बोलतोय की माडाच्या शेंड्याशी. घमेंड होती तीही त्या नाकाचीच. गलबत खाडीच्या तोंडाशी आलं की त्यात खजूर आहे की सुकी मासळी हे मला घरात बसून कळतं, असं तो भर बाजारात सांगायचा. लोक म्हणायचे, ‘चाचा, सुकी मासळी आम्हालाही कळते.’ त्यावर तो म्हणे, ‘तुमाला मासळी कळते. मला ती कुणाच्या बायकोनं सुकवली ते कळतं.’

त्याचं घर भाट्याच्या खाडीकाठी. घरामागे जांभ्याचा गडगा, आणि गडग्याच्या आत कस्तुरभेंडीचं रान. झाड आपल्या भेंडीसारखंच, पण अंगभर खाजरी लव. फूल पिवळं, पोटात काळपट जांभळं. बोंड वाळून तडकलं की आत बारीक तपकिरी दाणे, वाटाण्याच्या चौथाईएवढे. व्यापारात त्याला मुश्कदाणा म्हणतात; मुश्क म्हणजे कस्तुरी. खरी कस्तुरी हरणाच्या नाभीतली, ती हिमालयातून येते आणि राजेरजवाड्यांकडे जाते. चाचाची कस्तुरी या दाण्यातली. तरुणपणी तो अरबांच्या गलबतावर खलाशी होता. तिथे नाखवा काफीत हे दाणे टाकी. चाचाने ती काफी प्यायली आणि म्हणे त्याच दिवशी ठरवलं की आता समुद्र पुरे. त्याच्या ओटीवर जो जाईल त्याला तीच काळी, कडू काफी प्यावी लागे. साखर मागितली की तो म्हणे, ‘साखर वाण्याकडं मिळते.’

काम करताना मात्र त्याच्याइतका सबुरीचा माणूस मी पाहिला नाही. ताजे दाणे तो अत्तर काढायच्या देगेत कधी घालत नसे. वर्षभर मातीच्या बरणीत निजवायचे, म्हणजे वास मुरतो. दाणा कुटायचा नाही, फोडायचा नाही. वास सालीत असतो, फोडला की नुसतं तेल सुटतं. मग तांब्याची देग, खाली मंद विस्तव, आणि वाफ जाऊन बसायची ती चंदनाच्या तेलात. त्या वेळी कुणी ओटीवर मोठ्याने बोललं तरी त्याला खपत नसे. ‘दाणा घाबरतो,’ म्हणायचा. मी एकदा म्हटलं, ‘चाचा, दाण्याला कान कुठे?’ तर म्हणाला, ‘तुला तरी नाक कुठं हाय?’

हे त्याने उगाच म्हटलं नव्हतं. मी लांज्याकडच्या खेड्यातून डोक्यावर हिरड्याचं ओझं घेऊन बंदरावर आलेला माणूस. भांडून भांडून, घासाघीस करून काष्ठौषधींचं दुकान उभं केलं. वाळा, नागरमोथा, कचोरा, कापूर, सगळं नाकाने पारखतो. पण कस्तुरीचा वास मला येत नाही. ना हरणाच्या, ना भेंडीच्या. चंदन तेवढं कळतं, आणि त्याच्यापुढे भिंत. पुढे एका वैद्यांनी सांगितलं की अशी माणसं असतात. चाचाने मात्र, मी त्याच्या अत्तराची दलाली मागायला गेलो, त्या पहिल्याच भेटीत ते ओळखलं. माझ्या मनगटावर त्याने फाया टेकवला, मी बाजारात लागते तशी तारीफ सुरू केली, आणि तो हसत सुटला. ‘खोटा बोलतोस. तुला कायपन येत नाय.’ दुसऱ्या दिवशी साऱ्या बाजाराला माहीत होतं की मुश्कीचाचाकडे आलेला दलाल बिननाकाचा आहे. मला राग आला. पण सौदा केला. माल विकायला नाक लागत नाही, तोंड लागतं.

नंतर कधीतरी मी त्याला विचारलं, हा वास आहे तरी कसा. त्याने कानातला फाया काढून हुंगला. मग म्हणाला, ‘तुज्या घरात तान्हा पोर हाय ना? न्हाऊन निजला की त्याच्या टाळूला नाक लाव. तसा. पन त्याच्यात जराशी दारू.’ मी घरी जाऊन मुलीच्या टाळूला नाक लावलं. तेवढीच काय ती मला ठाऊक असलेली कस्तुरी.

आमचं भांडण व्हायचं ते त्याच्या एका वाक्यावरून. कुणीही गिऱ्हाईक आलं, कुपी हातात घेतली, की चाचा मोठ्याने म्हणणार, ‘हरणाचा नाय हां, भेंडीचा हाय.’ बांग दिल्यासारखं. एकदा एक लग्नघरची मंडळी माझ्या दुकानात आली होती. नवरदेवाच्या मामांना वास भारी आवडला. मी भाव चढवत चढवत बरोबर हवा तिथे आणला होता. मामांचा हात कमरेच्या पैशाच्या पिशवीकडे गेला, आणि कोपऱ्यात बसलेल्या चाचाने वाक्य टाकलं. मामांनी कुपी खाली ठेवली.

‘भेंडी? ती भाजीची?’

‘भाजीची तिची बहीन,’ चाचा म्हणाला.

मंडळी निघून गेली. मी चाचाला इतकं बोललो की रस्त्यावरची माणसं थांबली. ‘त्यांनी विचारलं तरी होतं का? तुम्हाला कोण विचारतंय?’  मी दमल्यावर तो म्हणाला, ‘दलाला, तुज्या पोरीला कुनी म्हनाला, ही अमक्या राजाची पोर, तर तू गप बसशील? ही माजी पोर हाय. हिला दुसऱ्या बापाचा नाव लावू नको.’  पुढे मीही गिऱ्हाइकाला आधीच सांगू लागलो, आणि गंमत अशी, की आमच्या मुलखात भेंडीचं अत्तर भेंडीच्याच नावाने खपू लागलं. ईदच्या दिवशी नमाज सुटली की चाचा मशिदीच्या दारात उभा राही आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर फाया टेकवी. थोर असो, पोर असो. लोक हात पुढे करूनच बाहेर पडायचे. गणपतीत आमच्या आळीतले लोकही कुपी घेऊन जात. त्यांनाही तो बांग ऐकवीच.

मुंबईचा तो शेठ बोटीने आला. पांढरेशुभ्र कपडे, गोड वाणी. चाचाच्या ओटीवर बसून त्याने कडू काफीचे दोन पेले घेतले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. असेल नसेल तेवढं अत्तर त्याला हवं होतं, आणि पुढच्या सालचंही. चाचाने आपलं वाक्य एकदा सांगितलं, कुपी भरताना पुन्हा सांगितलं, खोका बांधताना पुन्हा. शेठने हात जोडले. ‘चाचा, तुमची भेंडी मी भेंडी म्हणूनच विकीन.’ मी तिथे होतो. मी हे माझ्या कानांनी ऐकलं.

त्यानंतर दोनेक पावसाळे गेले आणि चाचाचा जुना दोस्त वारला. हा आमच्याकडचा मोठा नाखवा. स्वतःची गलबतं, तालेवार घर. दोघं तरुणपणी एकाच गलबतावर होते. हजहून परतताना नाखव्याने आपलं कफन मक्केतल्या झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवून आणलं होतं, आणि मुंबईत उतरल्यावर कफनाला लावायला अस्सल कस्तुरीची कुपी घेतली होती. चांदीच्या बुचाची. ती कफनाबरोबर पेटीत जपून ठेवली होती. मयताला आंघोळ घातल्यावर सुगंध लावायला चाचालाच बोलावलं, कारण ते काम गावात तोच करी. मी इतर हिंदू मंडळींबरोबर अंगणात उभा होतो. दार उघडं होतं.

चाचाने बूच काढलं. कुपी नाकाशी नेली. आणि थांबला. मी त्याचा चेहरा पाहिला. तो हसत होता, डोळ्यांत पाणी होतं. मग सवयीने, मोठ्याने म्हणाला, ‘हा हरणाचा नाय, भेंडीचा हाय. माजा हाय.’

त्याला काय वाटलं ते मला ठाऊक आहे, कारण संध्याकाळी त्यानेच सांगितलं. त्याला वाटलं, दोस्त परमुलखाच्या हरणाचा वास घेऊन जाणार होता, तो आपल्या खाडीचा वास घेऊन चालला. यापेक्षा चांगलं काय. पण त्या घरात ते तसं कुणी ऐकलं नाही. त्यांनी एवढंच ऐकलं की बापाच्या कफनाला लावायची वस्तू नकली आहे, आणि ती चाचाची आहे. तिथल्या दुसऱ्या कुणालाही तो वास ओळखता आला नसता. चाचा गप्प बसला असता तर सगळ्यांच्या लेखी नाखवा खऱ्या कस्तुरीत पुरला गेला असता आणि जगात कुणाचं काही बिघडलं नसतं.

कुपी घेतली होती ती त्याच शेठच्या दुकानातून; नाखव्याच्या थोरल्या मुलाने मुंबईला त्याच्याकडे जाब विचारला. शेठ स्वतः आला नाही, त्याने मुनीम पाठवला. मशिदीच्या अंगणात चार माणसं जमली. मुनीम पडेल आवाजात म्हणाला, ‘आम्ही तरी काय करणार? चाचांनी अस्सल म्हणून दिलं, आम्ही अस्सल म्हणून विकलं. माल त्यांचाच आहे, हे त्यांनीच तुमच्या घरात कबूल केलंय ना?’

कबूल केलंय, हा शब्द त्याने वापरला.

थोरला मुलगा चाचाला म्हणाला, ‘चाचा, कुराणावर हात ठेवा आणि सांगा. आम्ही मानू.’

चाचाने हात ठेवला नाही. म्हणाला, ‘तुज्या जन्माच्या आधीपासून मी ह्या गावात एकच गोष्ट बोलतोय. ती तुला पुरत नाय, तर किताबाला कशाला मधी आनतोस?’ आणि नाक वर करून उभा राहिला. लोकांना ती गुर्मी वाटली.

मी पुढे झालो. सांगितलं, मी हजर होतो, शेठने हात जोडून काय शब्द दिला तो मी ऐकलाय. मुनिमाने माझ्याकडे पाहिलं. ‘आपण चाचांचे दलाल ना? आणि आपल्याला कस्तुरीचा वासच येत नाही असं ऐकतो. मग माल कसला होता, हे आपण कसं सांगणार?’

मागे कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. चाचाची ती थट्टा साऱ्या बाजाराला पाठ होती. मी ऐकलेल्या शब्दाची साक्ष देत होतो, वासाची नव्हे; पण हसू फुटलं की कोण ऐकतो. मी मुनिमाची गचांडी धरली. लोकांनी मला सोडवून बाहेर काढलं. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. मला वाईट वाटतं ते हे, की मागे वळून पाहिलं तर चाचाही मान खाली घालून उभा होता. ते नाक मी पहिल्यांदा खाली पाहिलं.

कुणी त्याला शिवी दिली नाही. वाळीत टाकलं नाही. आमचं गाव सभ्य आहे. पुढच्या ईदला चाचा रिवाजाप्रमाणे फाया घेऊन दारात उभा राहिला. लोक बाहेर आले, सलाम केला, मुबारक म्हणाले, आणि हात पाठीमागे ठेवून निघून गेले. काहींनी पोरांचे हात धरून ठेवले होते. मी चाचाकडे शिरखुर्म्याला जायचं म्हणून रस्त्याच्या पलीकडे थांबलो होतो. अंगण रिकामं झालं तरी तो फाया धरून उभाच होता. मी गेलो आणि मनगट पुढे केलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, फाया कानात खोचला आणि म्हणाला, ‘तुज्यावर फुकट जाईल.’ आम्ही दोघं त्याच्या घरी आलो. त्याची मुलगी, लग्न होऊन दापोलीकडे दिलेली, सणाला आली होती. तिने वाढलेलं त्याने बोट लावून ठेवून दिलं.

त्यानंतर देग चढली ती एकदाच. पावसाळ्यानंतर मला निरोप आला म्हणून गेलो. चाचा ओटीवर कुपी घेऊन बसला होता. पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होता.

‘दलाला, इकडं ये. हा भेंडीचाच हाय ना?’

मला वाटलं थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. इतकी माणसं एक सांगतात आणि आपण एकटे दुसरं, तर नाकच आपलं फिरलं असेल, असं त्याने मनात घेतलं होतं. कदाचित आपणच कधी काही मिसळलं, कदाचित आपणच शेठला काही भलतं बोललो. साऱ्या रत्नागिरीत त्याने विचारायला मला शोधलं होतं. मला.

मी कुपी घेतली. नाकाशी नेली. चंदन आलं, आणि पुढे भिंत. मी म्हटलं, ‘भेंडीचाच. न्हाऊन निजलेल्या पोरासारखा.’

‘खरा सांगतोस?’

‘खरं सांगतो.’

त्याने मान हलवली. पण माझ्यावर विश्वास ठेवून हलवली, की मला बरं वाटावं म्हणून, ते मला कळलं नाही. बोंडं त्या साली झाडावरच तडकली, दाणे खाली पडले, कुणी वेचले नाहीत. थंडी संपायच्या आत चाचा गेला.

त्याच्या मयताला गाव लोटलं होतं. कफनाला कापूर लावला. त्याच्या फडताळातली कुपी कुणी काढली नाही, आणि मला आत जाता येत नव्हतं. खांदा द्यायला नाखव्याचा थोरला मुलगा होता. परतताना तो माझ्या शेजारून चालत होता. खरोखर हळहळून म्हणाला, ‘माणूस लाखाचा होता. एकदाच चुकला. आम्ही केव्हाच माफ केलं होतं.’ मी त्याला काही बोललो नाही. त्या दिवशी बोलण्यासारखं नव्हतं.

आज बोलतो. ज्याने काही केलंच नव्हतं, त्याला तू कशाची माफी दिलीस? ती माफी त्याने मागितली होती का? याचं उत्तर मला चारचौघांत हवं आहे, त्याच मशिदीच्या दारात. आणि तो शेठ अजून जिवंत आहे, त्याचं दुकान अजून चालतं, चांदीच्या बुचाच्या कुप्या अजून विकल्या जातात. त्याने मुनीम पाठवू नये. स्वतः बोटीत बसावं, रत्नागिरीला उतरावं, आणि हात जोडून चाचाला काय शब्द दिला होता तो लोकांना आपल्या तोंडाने सांगावा. माझं दुकान बंदराच्या रस्त्यावर आहे. कुठल्या बोटीने येतोय तेवढं त्याने कळवावं.