सतरा नंबरची नळी

रक्तवाले काका सुई टोचण्याआधी माणसाला त्याचंच नाव तीनदा विचारत. एकदा ऐकायला, एकदा नळीवर लिहिताना, एकदा लिहिलेलं पडताळायला. अचलपूरकडचा एक म्हातारा वैतागून म्हणाला, "काहो, दोन मिंटात माहं नाव बदलून राहिलं का?" काका शांतपणे म्हणाले, "तुमचं नाही बदलत बापू. नळीचं बदलते."

अमरावतीच्या एका आहार पाहणीत आम्ही बरोबर होतो. भाजीपाला पिकवणाऱ्या घरांत मासे किती खाल्ले जातात, हे शोधायचं होतं. मी ओसरीवर बसून अर्ज भरायची आणि काका रक्त घ्यायचे. मासे खाणाऱ्याच्या रक्तपेशींत माशातली चरबी दोन-तीन महिने ओळखू येते, म्हणून माणसाच्या सांगण्याला रक्ताची साक्ष. काकांच्या स्वतःच्या गळ्यात तुळशीची माळ होती, पण दुसऱ्याच्या खाण्याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. मी कुणाला फार खोदून विचारू लागले की म्हणत, "राहू दे पोरी. लोकायच्या ताटात कायले डोकावते? रगत सांगन."

सुरुवातीला सराव म्हणून त्यांनी आम्हा कामावरच्यांचंही रक्त घेतलं आणि त्या नळ्याही तपासायला गेल्या. माझा नंबर सतरा. अर्जावर मी ठोकून दिलं, 'मासे : कधीच नाही.' आमचं घर मोझरीजवळचं, माळकरी. बाबांसमोर अंड्याचं नावही निघत नसे. अकोल्याच्या होस्टेलवर मैत्रिणीने मला मासे खायला शिकवलं आणि तेव्हापासून माझा एकही रविवार त्याशिवाय गेला नव्हता. पण अर्ज तपासणारा कारकून आमच्याच गावचा. खरं लिहायची माझी छाती झाली नाही.

रक्ताचा अहवाल आला आणि सगळं बिनसलं. ज्यांच्या अर्जात मासे नव्हते, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या रक्तात ते निघाले. पाहणीच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, जवसाची चटणी खात असतील. काका म्हणाले, "जवसाची चरबी येगळी, मॅडम. हे मासोईच हाये."

"मग नळ्यांची अदलाबदल झाली. दुसरं काही कारण असेल तर सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

काकांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. जन्मभर नाव तीनदा विचारणाऱ्या माणसावर हाच ठपका. मॅडमनी पुढे केलेल्या, न जुळणाऱ्या नळ्यांच्या यादीत सतरा आकडा होता, तो मला लांबूनही दिसला. काकांनी यादी वाचली, नीट घडी घालून ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत बसले. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. त्यावरूनच मला कळलं, यांना माहीत आहे.

मी उभी राहिले. "मॅडम, सतरा नंबर माझा. अर्ज खोटा आहे, नळी खरी आहे."

मग आम्ही पुन्हा गावोगाव गेलो, पण ओसरीवर नाही, थेट वावरात. वांग्यांच्या वाफ्याशेजारी बाभळीला एक गंज, म्हणजे धुराने काळं झालेलं पातेलं, टांगलेलं होतं. मासे त्यात बांधावरच शिजत आणि गंज घराचा उंबरठा कधी ओलांडत नसे. एक सून हसत म्हणाली, "सासूच्या बाजूले बसवून इचारता, मासोई खाते का म्हून. काय सांगू बाई मी?" चूक आमची होती. काकांची एकही नळी चुकली नव्हती. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

परतताना एसटीत मी विचारलं, "काका, तुम्ही बोलला काहून नाही?"

"तुह्या बाबाच्या गळ्यात माळ हाये, माह्या बी हाये. कायचं भेव असते ते समजते ना मले. माहं काय, सहा महिने आंधी घरी बसलो असतो."

ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला बडनेऱ्याला आपल्या घरी जेवायला बोलावलं. काकूंचा वरणभात आत होता. माझ्यासाठी अंगणात पाट मांडला होता आणि ताटात माशाचं कालवण. काकांनी स्वतः बाजारात जाऊन मासे आणले होते आणि शेजारणीकडून रांधून घेतले होते. ते आपलं ताट घेऊन बाहेर आले आणि माझ्यासमोर बसले.

"कोनती हाये ते मले नाही समजत. ताजी हाये म्हने. काटे पाहून खाय, पोरी."

माळकऱ्यासमोर बसून मी मासे खाल्ले ते तेव्हा पहिल्यांदा. पोटभर खाल्ले.