झुंबरमावशींचा मुक्काम

रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास झुंबरमावशी आपली लोखंडी खाट लिंबाखालून ओढत व्हरांड्यात आणायच्या आणि गादीवर दोन थपडा मारायच्या. खाटेचे पाय फरशीवर किंचाळायचे. परभणीच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात मग घड्याळाकडे कोणी पाहायचं नाही. खाट किंचाळली की चहाची वेळ झाली.

मावशी जमिनीवर बसत नसत. मेथी निवडायची तर खाटेवर, पोरींच्या तक्रारी ऐकायच्या तर खाटेवर. आमच्या खोलीत गप्पांना आल्या, तरी आधी पंकजाच्या पलंगाचा कोपरा मोकळा करायला लावायच्या.

"सिंहासन रिकामं करा गं, महाराणी आल्या," पंकजा ओरडायची.

"केलंस का? मग चादर बी झटक," मावशी शांतपणे म्हणायच्या.

त्यांचं माहेर मानवतजवळचं, सासर गंगाखेडकडचं. नवरा, सटवाजी, गेल्यावर लेकीचं नर्सिंग पूर्ण होईपर्यंत म्हणून त्या वसतिगृहात कामाला लागल्या, आणि मग आमची पलटण सोडवेना म्हणून राहिल्या. गेल्या उन्हाळ्यात लेकीनं, बबितानं, त्यांना आपल्याकडे नेलं, खाटेसकट. एवढंच आम्हाला ठाऊक असतं, जर त्याआधीच्या हिवाळ्यात शिबिर झालं नसतं.

कॉलेजचा निसर्गगट दर हिवाळ्यात एका मुक्कामाला बाहेर जातो. मुली असतील तर वसतिगृहातली कोणी मोठी बाई सोबत हवी, असा प्राचार्यांचा नियम. आधीच्या वर्षी शिबिर एका गावच्या शाळेत होतं. तिथं बाकं जोडून मावशींचा पलंग झाला होता. त्या वर्षी गटाच्या सिद्धोधन सरांनी जिंतूरकडच्या धरणाचा फुगवटा निवडला, आणि मावशी बाकांच्या भरवशावर निघाल्या.

गाडीरस्ता संपला तिथं बाभळी होत्या. पुढं बेशरमीच्या झुडपांचं रान, मग पाणकणसं, मग पाणी. जमीन कुठं संपली ते पाय बुडाल्यावरच कळावं, अशी ती जागा. मधल्या उंचवट्यावर एक हापसा आणि एक पत्र्याची पाटी.

"काय लिवलंय?" मावशींनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. "युवक शिबिरस्थळ. येथे वीज, निवारा व शौचालयाची सोय नाही."

"आन हे पाटी लावून सांगायलेत! आमच्या फडावर तर पाटी बी नव्हती."

आम्ही हसलो. मावशी हसल्या नाहीत. मुलांनी तंबू सोडवायला घेतले, कोणीतरी तीन दगड मांडून चूल केली. मावशींनी त्या दगडांकडे पाहिलं, आपलं गाठोडं उचललं आणि आम्हाला घेऊन आलेल्या क्रूझरच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"मी चालले."

गाडी दिवस मावळायच्या आत परत निघणार होती. मावशी गेल्या की आम्ही साऱ्या मुलीही गेलो. मुलं राहणार, आणि सोमवारी वर्गात चक्रवाक पाहिल्याच्या फुशारक्या मारणार.

सर धावत आले. "मावशी, एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"रातीचाच हाय, सर."

पंकजाला राहवलं नाही. "आम्ही पण जमिनीवरच झोपणार ना? तुमचंच काय एवढं?"

मावशी समोरच्या काचेतून बघत राहिल्या. "ऊस तोडायला जायचो आमी. सारा हंगाम असंच. वल्या रानात पाचटाची कोपी, तीन दगडं. माझी बबी अशाच जागी झाली. ती पाच दिसाची व्हती तवा मुकादम कोपीपुढं येऊन वरडला, उठ म्हनून. उठले. मोळ्या बांधल्या." मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "चल बाबा, काढ गाडी."

ड्रायव्हरनं किल्ली फिरवली नाही. गप्प राहणं पंकजाला जमत नाही, म्हणून तीच बोलली, पण हळू. "मग तुम्ही उठूच नका, मावशी. इथं नुसत्या झोपा."

"नुसती?"

"नुसत्या."

"चूल कोन पेटवायची?"

"आम्ही."

"पानी?"

"आम्ही. हापसा तर समोर आहे."

"भाकरी?"

"आम्हीच."

मावशी सीटवर अर्ध्या वळल्या. "आन सकाळी कोनी उठ म्हननार न्हाई?"

"कोणी नाही."

"तू गप. सर, तुमी सांगा."

सरांनी मावशींच्याच भरवशावर दहा किलो ज्वारीचं पीठ आणलं होतं. त्यांनी एकदा त्या पिशवीकडं पाहिलं. मग म्हणाले, "कोणी नाही, मावशी."

मावशी उतरल्या. गाठोडं मात्र सरांच्या हातात दिलं.

संध्याकाळी त्या ताडपत्रीच्या गुंडाळीवर पाय पसरून बसल्या आणि आमचा स्वयंपाक पाहू लागल्या. पाहणं म्हणजे बोलणंही आलंच.

"पंकजे, भाकर थापायलीस का तिची समजूत काढायलीस?"

"समजूत. तुटू नको म्हणतेय."

"ऐकंना झालीय ती तुझं."

पुढची भाकरी तव्यावर जाण्याआधीच दुभंगली, तशा मावशी पुढं सरकल्या आणि त्यांचा हात पिठाकडं गेला.

"मावशी, बसा," पंकजा म्हणाली.

त्यांनी हात मागं घेतला. थोड्या वेळानं तो पुन्हा निघाला, तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. शेवटी पीठ बाजूला ठेवून आम्ही खिचडी केली. ती खालून करपली, वरून कच्ची राहिली. मावशींनी ताट चाटूनपुसून खाल्लं आणि ते धुवायला पंकजापुढं धरलं.

पहाटे सरांनी आम्हाला हाक मारली ती मावशींच्या तंबूपासून लांब उभं राहून, कुजबुजत. आम्ही चपला हातात घेऊन निघालो. पाण्यावर धुकं होतं. ते विरळ झालं तसे चक्रवाक दिसले, विटकरी रंगाचे, गाळाच्या कडेनं ऐटीत चालणारे. पलीकडं बगळ्यांची रांग. उन्हं चांगली वर आली तेव्हा आम्ही परतलो. मावशींच्या तंबूतून फक्त एक भेगाळलेली टाच बाहेर आलेली होती.

नंतर त्यांनी सांगितलं, की जाग त्यांना अंधारातच आली होती. आम्ही चोरपावलांनी गेलो तेही ऐकलं. डोळे मिटून पडून राहिल्या, कोणी हाक मारतंय का ते बघत. वाट बघता बघता पुन्हा झोप लागली.

त्या उठल्या तेव्हा पंकजानं चहा तंबूच्या दारात नेऊन दिला. मावशी घोंगडीवर मांडी घालून, खाली, जमिनीवर, फुंकर मारत चहा पीत होत्या. तेवढ्यात बाभळींपलीकडं क्रूझर आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मुलं तंबू आवरायला धावली. सर घाईनं आले. "मावशी, गाडी आलीय."

मावशींनी रिकामा कप पंकजाकडं केला.

"आनिक हाय का गं? धूर लय लागलाय, पर गोड हाय."