पाहुण्यांकडे पाठ करून बसलेला माणूस

मंडालेच्या ऊ सान ल्विनला खुर्चीत बसवणं बायकोलाही कधी जमलं नाही. पितळेची भांडी ठोकून हात राठ झालेला हा माणूस चिनलोनचा खेळ बघायचा तो जमिनीवर, रिंगणाला गुडघा लावून. वेताचा चेंडू टाचेवर, तळव्यावर, कधी न बघताच पाठीमागे झेलत सहाजणांतले पाच फेर धरतात, एकजण मधोमध चेंडू नाचवतो. यात कुणी हरत नाही, कुणी जिंकत नाही. चेंडू खाली पडू नये एवढंच. जुन्या मांडवात चारी बाजूंनी माणसं बसत आणि चेंडूचा टक टक आवाज वाजंत्र्यांच्याही आधी त्यांच्या कानात पडत असे.

एकदा जावयानं त्याला फुटबॉलला नेलं. आल्यावर ऊ सान ल्विन म्हणाला, तिथे उंचच बसायला हवं, बाविसांची पळापळ खालून कळायची नाही. मुष्टियुद्धाला मात्र इतकं जवळ बसावं की घामाचे थेंब अंगावर उडावेत. आणि आपल्या खेळाला? आपल्या खेळाला बाजूच नाही, म्हणून बघणाऱ्यालाही नको. एवढं बोलून त्यानं जावयाचे शेंगदाणे संपवले.

पुढे जुना मांडव गेला, नवं क्रीडागृह आलं. खुर्च्या सगळ्या एकाच बाजूला, उंच ओट्यावर; समोर कोरी भिंत. त्या वर्षी मधोमध उभी राहणार होती त्याचीच मुलगी, म्या ठेट. पहिल्यांदाच. आणि क्रीडागृहाच्या चिटणिसांनी खेळाडूंना बजावलं होतं, मान्यवरांकडे कुणाची पाठ नको, फेर त्यांच्या बाजूला उघडा ठेवा.

आमच्या मंडालेत वडीलधाऱ्यांना पाठ दाखवणं म्हणजे घराण्याला बट्टा. पोरांनी मान डोलावली आणि अर्ध्या चंद्रासारखी उभी राहिली. म्या ठेटनं चेंडू टाचेनं मागे उडवला की तो नेमका उघड्या बाजूला जायचा आणि फरशीवर घरंगळायचा. एकदा, दोनदा, परत. वाजंत्रीवाल्यांचा ठेका अडखळला. पोरीचा चेहरा उतरला. बापाकडे तिनं बघितलंही नाही, आणि तेच त्याला लागलं.

मघाशी चिटणिसांच्या माणसांनी धरून बसवलेल्या खुर्चीतून तो उठला, ओट्याच्या पायऱ्या उतरला. काखेतली चटई उघड्या बाजूलाच, खेळाडूंना जागा ठेवून, अंथरली आणि मान्यवरांकडे चक्क पाठ करून मांडी घातली.

चिटणीस धावत आले. "काका, उठा. मागे कोण बसलंय ठाऊक आहे ना?"

"मागचं मला कसं दिसणार, बाबा?"

"लोक काय म्हणतील?"

"उद्धट म्हणतील. बायको रोज म्हणते, मी अजून जेवतोय." मग त्यानं फेराच्या टोकाला अवघडून उभ्या असलेल्या को फ्योकडे पाहिलं. "अरे ए, पाठ दाखवायचं पाप झालंय माझ्याकडून, तुझ्या वाट्याला उरलं नाही. ये इथे, माझ्यापुढे उभा राहा."

को फ्यो हसला आणि सरकला. फेर मिटला. म्या ठेटनं पुन्हा न बघता टाच मारली, को फ्योच्या गुडघ्यानं चेंडू अलगद परत पाठवला. टक. वाजंत्रीवाल्यानं ठेका पकडला तो सोडलाच नाही. मागच्या खुर्च्या करकरायला लागल्या. कुणी जोडे काढून खाली येत होतं, कुणी उपरणं अंथरत होतं, दोन म्हाताऱ्या कोऱ्या भिंतीला टेकून बसल्यासुद्धा. मधल्या खुर्चीतल्या मोठ्या पाहुण्यांनाही अखेर को फ्योच्या पाठीवरून मान उंचावून बघायचा कंटाळा आला असावा. ते ऊ सान ल्विनच्या शेजारी टेकले आणि त्यानं न बघताच चटईवर हातभर सरकून जागा दिली.

खेळ संपल्यावर म्या ठेट घामेजल्या तोंडानं त्याच्यापुढे बसली. चिटणीस दारात अडवून म्हणाले, पुढच्या वर्षी तुम्हाला आत सोडणार नाही.

"बरं," ऊ सान ल्विन चटई काखेत मारत म्हणाला, "मग सगळ्यांना बाहेर बसायला मोठी चटई आणावी लागेल."